बूट कॉटन मिल्स, लोवेल: आवाज खरा, काळ मात्र नव्वद वर्षं पुढचा

बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकल पकडली की पाऊण तासात लोवेल येतं. तिथे जाणारे बहुतेक लोक एकाच गोष्टीसाठी जातात, ती म्हणजे बूट कॉटन मिल्स म्युझियममधलं विणाई खातं. गिरणगावच्या भाषेत साचाखातं. तळमजल्यावर ८८ यंत्रमाग ओळीने उभे आहेत. छताखालून शाफ्ट फिरतो आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली एकेका मागावर उतरतात. दाराशीच कानात घालायचे बोळे ठेवलेले असतात. ते घ्याच. सगळे माग एकदम चालवत नाहीत, मोजकेच सुरू असतात, तरी पायाखालची फळी थरथरते आणि शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागतं. निव्वळ या खोलीसाठीही लोवेलची फेरी वसूल होते.

फक्त एक गोष्ट आत शिरायच्या आधी डोक्यात पक्की करावी. हे खातं १९२० च्या दशकातलं आहे आणि लोवेल ज्यांच्यामुळे इतिहासात गेलं त्या ‘मिल गर्ल्स’, म्हणजे गिरणीत काम करणाऱ्या तरुण मुली, १८३० च्या दशकातल्या. म्युझियम ही गोष्ट लपवत नाही. पण त्या गदारोळात पाटी वाचत कोण उभं राहतं? लोक बाहेर पडतात ते ‘त्या मुली या आवाजात तेरा तास उभ्या राहायच्या’ असं म्हणत. तास खरे आहेत, आवाज आणि यंत्रं दुसऱ्या पिढीची आहेत. हा फरक किरकोळ नाही, त्याच्याकडे पुढे येऊच.

इथलं नॅशनल हिस्टॉरिकल पार्क १९७८ मध्ये झालं. ते एका कुंपणातलं नाही, गावभर पसरलेलं आहे. मार्केट स्ट्रीटवर माहिती केंद्र, जॉन स्ट्रीटच्या टोकाला बूट गिरणी, तिच्यासमोर कामगार मुलींचं बोर्डिंग हाउस, सफोक मिलमध्ये चालू टर्बाइन आणि या सगळ्यांमधून वाहणारे कालवे. (बूट हे कर्क बूट या व्यवस्थापकाचं आडनाव, पायातल्याशी संबंध नाही. कंपनी १८३५ ची.) लोक थेट मागांकडे धावतात आणि इथेच फसतात. क्रम उलटा करा. आधी पाणी, मग गिरणी, मग बोर्डिंग हाउस आणि गिरणीचा वरचा मजला सगळ्यात शेवटी.

पाणी आधी का, तर लोवेल कापसामुळे वसलेलं नाही, उतारामुळे वसलेलं आहे. मेरिमॅक नदी पॉटकेट धबधब्याशी सुमारे ३२ फूट खाली येते. १७९६ मध्ये हा धबधबा टाळून लाकडाचे तराफे खाली नेता यावेत म्हणून पॉटकेट कालवा काढला. १८०३ मध्ये मिडलसेक्स कालवा सुरू झाला, माल परस्पर बोस्टनला जाऊ लागला आणि पहिल्या कालव्याचा धंदा बसला. बसलेल्या धंद्याचे शेअर स्वस्तात मिळतात. १८२१ मध्ये बोस्टनच्या भांडवलदारांनी ते गोळा केले. त्यांना वाहतुकीत रस नव्हता, त्यांना ती उंची हवी होती. १८२२ मध्ये मेरिमॅक मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली, १८२३ मध्ये पहिलं कापड निघालं आणि १८२६ मध्ये या वस्तीचं स्वतंत्र गाव झालं. गावाला ज्याच्यावरून नाव दिलं तो फ्रान्सिस कॅबट लोवेल तोवर वारला होता, १८१७ मध्येच. इंग्लंडच्या गिरण्या पाहून यंत्रमागाची रचना डोक्यात साठवून आणणारा तो हाच. पॉल मूडी या कारागिराला हाताशी धरून त्याने १८१४ मध्ये वॉल्थमला एकाच छताखाली कापूस आत आणि कापड बाहेर अशी गिरणी चालवून दाखवली होती. लोवेल म्हणजे तोच नमुना मोठ्या नदीवर.

कालव्यांची लांबी पुढे वाढत ५.६ मैलांवर गेली, म्हणजे सुमारे ९ किलोमीटर. उतार दोन पायऱ्यांत वापरला: वरच्या पायरीला १३ फूट, खालच्या पायरीला १७ फूट. वरच्या गिरणीचं वापरलेलं पाणी खालच्या गिरणीला मिळायचं. पाणी विकायचं एकक होतं ‘मिल पॉवर’. वॉल्थमच्या दुसऱ्या गिरणीत सूत कातणाऱ्या ३,५८४ चात्या होत्या. तेवढ्या चात्या आणि त्यांच्या जोडीची सगळी यंत्रं चालायला लागेल एवढं पाणी म्हणजे एक मिल पॉवर. ३० फुटांच्या उतारावर ते सेकंदाला २५ घनफूट धरलं जाई आणि उतार कमी असेल तर त्या प्रमाणात पाणी जास्त. जमीन, पाणी आणि यंत्रं, तिन्ही एकाच कालवा कंपनीकडून घ्यायची. एमआयडीसीत प्लॉटबरोबर पाण्याची जोडणी मिळते तसंच, फक्त इथे यंत्रशाळाही मालकाचीच.

उन्हाळ्याच्या हंगामात कालव्यातून बोटीची फेरी असते. जागा मोजक्या असतात, आधी नोंदवून ठेवा. बोट जिथे दारांमधून वर-खाली होते त्या ‘गार्ड लॉक्स’पाशी एक लाकडी अजस्र दार टांगलेलं आहे, ते नीट बघा. जेम्स फ्रान्सिस या मुख्य अभियंत्याने ते १८५० मध्ये बसवलं. इतका मोठा पूर येणारच नाही, असं म्हणत लोकांनी त्याला ‘फ्रान्सिसचा वेडेपणा’ ठरवलं. १८५२ मध्ये पूर आला. दार धरून ठेवणारी लोखंडी कडी छिन्नी-हातोड्याने तोडली, दार खाली पडलं आणि गाव वाचलं. १९३६ च्या पुरातही तेच दार कामी आलं.

सफोक मिलमधलं टर्बाइन बहुतेक जण वेळेअभावी गाळतात. गाळू नका. सुरुवातीच्या गिरण्यांच्या तळघरात मोठी लाकडी पाणचक्की असे. वसंतात बर्फ वितळून नदी चढली की चक्कीतून सुटलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाव उरत नसे. खालचा भाग पाण्यात बुडाला की चक्की पाणी ढकलण्यातच जोर घालवायची, वेग पडायचा आणि वरच्या सगळ्या मजल्यांवरची यंत्रं मंदावायची. म्हणजे नदीला भरपूर पाणी आणि गिरणीला जोर नाही. टर्बाइन बुडालेलं असलं तरी फिरतं. युराया बॉयडनचं टर्बाइन लोवेलमध्ये १८४४ मध्ये आलं आणि फ्रान्सिसने त्यावर पुढे काम केलं. ‘फ्रान्सिस टर्बाइन’ हे नाव आपल्याकडच्या कोणत्याही जलविद्युत केंद्रातला माणूस ओळखेल. ते नाव याच माणसाचं.

आता गिरणी. बाहेरच्या अंगणात उभं राहून इमारतीचा आकार बघा. लांबट, अरुंद, पाच-सहा मजली, खिडक्यांची रांग. रुंदी कमी, कारण आतल्या माणसाला उजेड खिडकीतूनच मिळायचा. त्या काळच्या मांडणीत खाली चक्की, पहिल्यावर पिंजण म्हणजे कार्डिंग, दुसऱ्यावर सूतकताई, त्यावरच्या दोन मजल्यांवर विणाई आणि सगळ्यात वर ताण्याला खळ देण्याचं काम. शक्ती वर नेण्यासाठी इंग्लंडात लोखंडी दांडे आणि दातेरी चक्रं होती. मूडीने १८२८ मध्ये त्याऐवजी चामड्याचे रुंद पट्टे वापरले. पट्टा हलका, आवाज कमी आणि तुटला तर शिवून पुन्हा चढवता येतो. चक्राचा दात मोडला तर अख्खा मजला बंद. छतावरचे पट्टे बघताना हे आठवा. त्या खोलीतली १८३० च्या दशकाशी थेट नातं सांगणारी वस्तू तीच.

माग मात्र नंतरचे. ड्रेपर कंपनीच्या मागापाशी थांबून धोट्याकडे पाहा. लाकडी धोटा, दोन्ही टोकांना धातूची टोपी, पोटात बाण्याच्या सुताची कांडी. धोट्याला एका बाजूने फटका बसतो, तो ताण्याच्या दोन थरांमधून सुटतो, पलीकडच्या पेटीत आदळतो, फणी येऊन बाणा ठोकते आणि धोटा परत. ज्याने इचलकरंजी किंवा मालेगावात पाऊल टाकलंय त्याला हे नवं नाही. पाहायचं ते पुढचं. कांडी संपत आली की बाजूच्या गोल चाकातून भरलेली कांडी आपोआप धोट्यात ठोकली जाते, रिकामी खाली पडते आणि माग थांबत नाही. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्री बसवलेली असते. धागा तुटला की पत्री पडते आणि माग आपला आपण थांबतो. या दोन सोयींमुळे विसाव्या शतकातला विणकर एकटा कितीतरी माग सांभाळू शकला.

१८३५ च्या मुलीकडे या दोन्ही सोयी नव्हत्या. तुटलेला धागा तिला डोळ्यांनी हेरावा लागे. उशीर झाला तर कापडात रेघ पडे आणि मजुरी नगावर असल्याने ते नुकसान तिचं. कांडी संपली की माग थांबवायचा, नवी कांडी घालायची आणि धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचं. एकच धोटा अनेकींच्या तोंडाला लागे, सुताबरोबर धूळ आत जाई. कामगारांनी या प्रकाराला पुढे ‘मृत्यूचं चुंबन’ असं नाव दिलं. एकच सोय तिला मिळाली होती. कापडाचा पन्हा दोन्ही बाजूंनी ताणून धरणारी पट्टी आधी दर थोड्या इंचांनी माग थांबवून हाताने सरकवावी लागायची, १८१६ च्या पेटंटने ती आपोआप फिरणारी झाली. त्यामुळे एकीकडे दोन माग आले. १८४० च्या दशकात दोनाचे तीन झाले, तिनाचे चार झाले, वेग वाढला आणि नगाचा दर घटला. मागाचा ‘विकास’ ऐकताना कोणाच्या वाट्याला काय आलं ते असं मोजायचं.

खोलीत शिरल्यावर खिडक्यांकडेही लक्ष द्या. कोरड्या हवेत सुती धागा ठिसूळ होतो आणि तडातड तुटतो. म्हणून लोवेलमध्ये खिडक्या बंद ठेवत, काही ठिकाणी खिळे ठोकून, आणि हवेत वाफ सोडत. दमट हवा, तरंगणारी तूस आणि सप्टेंबर ते मार्च तेलाच्या दिव्यांचा धूर. कापसाच्या तुसाने होणारा फुप्फुसाचा आजार आपल्या गिरणी कामगारांनाही ठाऊक आहे.

समोरचं बोर्डिंग हाउस हा या फेरीतला सगळ्यात शांत आणि सगळ्यात चांगला भाग. स्वयंपाकघर, जेवणाची खोली, घर चालवणाऱ्या बाईची खोली, वरती झोपायच्या खोल्या. एका खोलीत चार ते आठ मुली, एका पलंगावर दोघी. मुली बहुतेक न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, शेतकरी घरांतल्या, पंधरा ते तिशीच्या आतल्या. पगार रोख, महिन्याला. त्यातून प्रत्येकीचे खाण्या-राहण्याचे आठवड्याला साधारण सव्वा डॉलर कापले जात. रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्च सक्तीचं. गिरणगावातली खानावळ डोळ्यांपुढे येईल, पण फरक मोठा आहे. आपल्याकडे कोकणातून-घाटावरून पुरुष एकटा यायचा आणि चाळीतली बाई आपल्या हिंमतीवर त्याला जेवू घालायची. इथे मुलगी एकटी आली, घर कंपनीचं, नियम कंपनीचे आणि घर चालवणारी बाई, बरेचदा विधवा, कंपनीला बांधलेली. आईबापांनी मुलीला पाठवावं म्हणून या नियमांची गरज होती. मुलीची चालचलन जपतो, हे कंपनीचं आश्वासन होतं आणि कामगारावर चोवीस तास नजर ही त्याची दुसरी बाजू.

आठवड्याचे सरासरी ७३ तास काम. १८५१ च्या वेळापत्रकात उन्हाळ्यातली पहिली घंटा पहाटे साडेचारला आहे. अंगणातून दिसणारा घंटेचा मनोरा देखणा आहे म्हणून लोक फोटो काढतात. गावातल्या बायांना तो देखणा वाटत असेल असं नाही. शेतातली मुलगी सूर्यावर चालायची, इथे तिचं जेवणही घंटेवर आलं. ‘सामाजिक बदल’ हा शब्द पुस्तकात सपाट वाटतो, इथे तो असा कानावर येतो.

आता वरच्या मजल्यावरचं प्रदर्शन. इथे वाचायला पुष्कळ आहे, पाय दुखायच्या आत या. १८३४ मध्ये मजुरी कापायची घोषणा झाली आणि सुमारे ८०० मुली काम सोडून रस्त्यावर आल्या. काही दिवसांत संप मोडला. १८३६ मध्ये खाण्या-राहण्याचा दर वाढवला, म्हणजे मजुरीच कापली, तेव्हा जवळपास दुप्पट मुली बाहेर पडल्या, जास्त दिवस टिकल्या आणि मालकांना काही अंशी मागे यावं लागलं. एकाच घरात राहणं, एकाच ताटाशी बसणं, रात्री एकाच खोलीत बोलणं: शिस्तीसाठी बांधलेल्या घरांनीच संप जमवला. १८४४ च्या अखेरीस सेरा बॅगली या गिरणी कामगार बाईच्या पुढाकाराने स्त्री कामगारांची संघटना झाली. दहा तासांच्या दिवसासाठीच्या अर्जांवर दोन हजारांहून जास्त सह्या होत्या. विधिमंडळाच्या समितीने साक्षी घेतल्या, गिरण्या पाहिल्या, त्रास आहे हे मान्य केलं आणि उपाय आमच्या हाती नाही म्हणून मोकळी झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये बायकांना दहा तासांचा कायदा मिळाला तो १८७४ मध्ये. मुलींनी चालवलेलं ‘लोवेल ऑफरिंग’ हे मासिक मात्र १८४५ मध्येच थांबलं होतं. पाहुण्यांना कौतुकाने दाखवायला ते उपयोगी, मजुरीच्या प्रश्नाला ते हात घालत नव्हतं.

मिल गर्ल्सच्या प्रेमात पडून आयरिश कामगारांना विसरू नका. कालवे खणले ते त्यांनी. १८२२ मध्ये ह्यू कमिस्की आपल्या तीसेक मजुरांना घेऊन बोस्टनकडून चालत आला. त्यांना गिरणीत आणि वीटबांधणीच्या घरांत जागा नव्हती, त्यांनी ‘एकर’ नावाच्या वस्तीत झोपड्या घातल्या. पुढे मजुरी घसरली, न्यू इंग्लंडच्या मुली परत गेल्या आणि त्यांच्या मागांवर आयरिश बाया आल्या. लोवेलच्याच हॅमिल्टन कंपनीत १८३६ मध्ये परदेशात जन्मलेले कामगार ४ टक्क्यांहूनही कमी होते, १८६० मध्ये ते सुमारे ६२ टक्के झाले. चोवीस वर्षांत खातं तेच, माणसं बदललेली.

दोन गोष्टी मात्र पाहुण्याने स्वतः सोबत न्याव्यात, कारण मागांच्या आवाजात त्या सहज निसटतात. पहिली, कापूस. तो दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलाम वेचत होते. लोवेलमध्ये विणलेलं जाडंभरडं कापड परत त्याच मळ्यांवर गुलामांच्या अंगावर जाई, इतकं की त्या कापडालाच ‘लोवेल’ म्हणत. मुक्त झालेल्या गुलामांच्या आठवणींत हा शब्द येतो.

दुसरी गोष्ट आपली. बोस्टनच्या ज्या व्यापाऱ्यांनी हे भांडवल उभं केलं त्यांच्या जहाजांतून कलकत्त्याचं सुती कापड अमेरिकेत उतरत होतं आणि खुद्द फ्रान्सिस लोवेल त्या व्यापारात होता. १८१६ च्या जकात कायद्यासाठी त्याने वॉशिंग्टनला खटपट केली. जकात २५ टक्के, पण मेख पुढे होती: वाराला २५ सेंटांहून स्वस्त असलेलं कुठलंही सुती कापड २५ सेंटांचंच धरायचं. म्हणजे दर वाराला किमान सव्वासहा सेंट. दहा सेंट वाराच्या कापडावर हे किमतीच्या साठ टक्क्यांहून जास्त होतं. महाग इंग्रजी कापडाला झळ कमी, स्वस्त हिंदुस्थानी कापडाला दार बंद. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन दक्षिणेचा कापूस अडला तेव्हा लोवेलच्या मालकांनी साठवलेला कापूस चढ्या भावाने विकला आणि हजारो कामगारांना घरी बसवलं. त्याच टंचाईने मुंबईत कापसाचे भाव कडाडले, शेअरबाजार फुगला आणि १८६५ मध्ये फुटला. मुंबईची ताडदेवची पहिली गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली होती, पण वाफेवर. म्हणून लोवेलचे कालवे आपल्याला परके वाटतात आणि साचाखातं ओळखीचं.

काही व्यवहाराचं. पूर्ण दिवस ठेवा. स्टेशनपासून माहिती केंद्र चालत वीसेक मिनिटांवर आहे, हंगामात जुन्या धाटणीची ट्रामही फिरते. हिवाळ्यात बोट नाही आणि बाकी ठिकाणांच्या वेळाही आखडतात. माग कधी चालू असतील हे सकाळीच विचारून घ्या, बंद मागांची खोली बघून निम्मी मजाही येत नाही. लहान मुलांना बोळे पुरत नाहीत, कानावर बसणारं साधन घरून न्या. जेवायला गावातली कंबोडियन ठिकाणं चांगली, लोवेलमध्ये त्या समाजाची मोठी वस्ती आहे.

निघताना दुकानात याच मागांवर विणलेले टॉवेल मिळतात. घ्या आणि त्याचे लांब काठ बोटाने चाचपून बघा. धोटा वळून परत येतो, म्हणून बाण्याचा धागा काठाशी तुटत नाही, वळसा घेऊन आत जातो. घरातल्या एखाद्या आधुनिक, बिनधोट्याच्या मागावरच्या कापडाचा काठ शेजारी धरा. तिथे धाग्यांची कापलेली टोकं दिसतील.